मानक नगरचा सिंह

बाबूराव मेश्रामांच्या अंगात त्या दिवशी काय शिरलं होतं कोण जाणे! सकाळपासून आरशासमोर उभं राहून डरकाळ्या फोडणं चाललं होतं. "अहो, शेजारचे शुक्लाजी तुमची तब्येत विचारून गेले," त्यांच्या पत्नी मायाबाई म्हणाल्या. त्यावर बाबूरावांनी आणखी एक फोडली.

माणूस मूळचा वर्ध्याचा. रेल्वेत फिटर म्हणून लखनऊला आला आणि मानक नगरचाच होऊन गेला. हाताचा असा पक्का, की त्यानं आवळलेला नट दुसऱ्या कुणाच्या बापाला सैल व्हायचा नाही. सगळं छान होतं, फक्त एक गोष्ट जिवाला लागायची. नात प्रिया. पोरीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत! "जेवलीस का गं?" की "हाँ आबा, खा लिया." झालं, आबांचं तोंड उतरायचं.

अशात प्रियाच्या इंग्रजीच्या पुस्तकात त्यांना सिंह आणि उंदराची गोष्ट सापडली. हजारो वर्षांपूर्वीची ग्रीक गोष्ट, तिथून इंग्रजीत आलेली. "इंग्रजीत आली ना? मग मराठीत यायला तिचे पाय दुखतात?" म्हणत बाबूराव डिक्शनरी घेऊन बसले. भीमजयंतीच्या कार्यक्रमात नाटुकलं करायचं ठरलं. सिंह आबा, उंदीर प्रिया. आता तरी पोरगी चारचौघांत मराठी बोलेल, या आनंदात त्यांना झोप लागेना.

पण भाषांतर कसलं भारदस्त! "हे वनराज, या क्षुद्र जीवावर दया करावी!" मायाबाईंनी कपाळाला हात लावला. "काहून जी, उंदीर हाय का हेडमास्तर?" ऐकतील तर ते बाबूराव कसले! प्रियानं बिचारीनं पोपटासारखं सगळं पाठ केलं.

हॉल खच्चून भरला. पहिला प्रवेश झकास झाला, टाळ्या पडल्या. दुसऱ्यात सिंह जाळ्यात सापडायचा. जाळं म्हणजे घरची मच्छरदाणी. "दोऱ्या सैल बांधा, पोरीनं ओढल्या की सुटल्या पाहिजेत," मायाबाईंनी बजावलं होतं. पण फिटरचा हात तो! सैल गाठ त्याला ठाऊकच नव्हती.

उंदीर धावत आला. दोरी ओढली. ढिम्म! पुन्हा ओढली. लोक हसायला लागले. प्रियाचा चेहरा रडवेला झाला, पाठ केलेलं पार उडालं.

"'हे वनराज' म्हण," सिंह आतून कुजबुजला. तेवढ्यात मच्छरदाणी त्याच्या तोंडावर घसरली आणि आबांना जोराचा ठसका लागला.

"आबा!" प्रिया किंचाळली. "आबा, हलू नका! काहून बांधली जी इतकी घट्ट? थांबा, मी सोडवतो तुम्हाले. भेऊ नका, मी हाओ ना इथं!"

एकही शब्द भाषांतरातला नव्हता. सगळं आजीच्या स्वयंपाकघरातलं! बाबूरावांचा ठसका थांबला. डोळे भरून आले. पोरगी दाताने दोरी तोडायला बघत होती आणि मध्येच त्यांना आजीसारखी रागवत होती.

मायाबाई कात्री घेऊन स्टेजवर धावल्या. तसा सिंहानं जाळ्यातूनच हात हलवला.

"कात्री नको! राहू दे मले असाच. पोरगी बोलून राहिली ना!"