पाण्याचं बूच

इमारतीत त्यांना सगळे ट्रॅपकाका म्हणत. चाळीस वर्षं नळकाम करून घरी बसलेल्या माणसाला याहून मोठी पदवी मिळत नाही. परगावी गेलेल्या नऊ बिऱ्हाडांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. दर रविवारी ते प्रत्येक बंद न्हाणीघराच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतत. जाळीखालच्या वाकड्या नळीत, ट्रॅपमध्ये, उभं असलेलं पाणी म्हणजे गटाराच्या हवेला लावलेलं बूच. ते सुकलं की गटार घरात मुक्कामाला येतं. हे ते रिकाम्या खोल्यांनाही समजावून सांगत. तिथे मधे बोलणारं कोणी नसे.

चार महिन्यांपूर्वी बायको गेल्यापासून घरीही नव्हतं. "काका, जेवलात का?" असं विचारणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका तेवढ्या उरल्या होत्या. त्यांची मुलगी दोन महिन्यांत तिसऱ्यांदा तापाने आडवी झाली. न्हाणीघरात वास येत होता आणि डॉक्टरांचाही संशय त्यावरच होता.

"महिनाअखेरीस घर सोडतेय," शिक्षिका म्हणाल्या.

"आठ दिवस द्या, बाई. वास शोधून देतो."

"तुम्हाला वास शोधायचाय, काका. मला पोर सांभाळायचीय."

काकांनी त्यांचा ट्रॅप पाहिला; भरलेला. गच्चीवर जाऊन गटाराची हवा वर सोडणाऱ्या नळाचं तोंड पाहिलं, मोकळं. नऊच्या नऊ जाळ्या ओल्या. आठव्या दिवशी त्यांनी न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात त्या डक्टमध्ये धुमसती सुतळी सोडली. एका खिडकीपाशी धूर फाकला. आतून हवा येत होती.

खिडकी त्यांच्याच घराची होती. बायकोच्या न्हाणीघराची कडी त्यांनी ती गेल्यापासून काढली नव्हती. आणि राहत्या घरात फेरी मारायची नसते, हा त्यांचाच नियम. काखेत कळसा नि गावाला वळसा, हे ते आजवर गिऱ्हाइकांना ऐकवत आले होते.

तांब्याभर पाणी ओतून ते वर गेले.

"बाई, वास माझ्या घरचा होता. तिच्या बंद न्हाणीघरातला."

शिक्षिकांनी पोरीच्या कपाळावरची पट्टी बदलली. मग म्हणाल्या, "आता रविवारी विसरणार नाही ना?"

"रविवारी कशाला? रोज तिथेच आंघोळ करीन."

"बरं. पोरीचा ताप उतरू दे, मग घराचं बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी बायकोचा कंगवा अलगद बाजूला सरकवला आणि बादली नळाखाली लावली. तिच्या साबणाची वडी सुकून तडकली होती. फेस यायला बराच वेळ लागला.