जांभळ्या कापडाआड

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या शेवटी आमच्या चर्चमधले पुतळे जांभळ्या कापडाने झाकतात. काल दुपारी शेजारच्या आग्नेसमावशीनं आणि मी ख्रिस्ताचा पुतळा झाकला, तेवढ्यात मागच्या बेकरीतून गरम पावाचा वास आला. पंखे बंद होते, तरी कापड ओठांपाशी आत ओढलं गेलं.

"मावशी, हललं ना?"

तिनं कापडाची कड नीट केली.

माणसाला भूक लागते, पण दगडाची भाकर करता येत नाही. देवाला ती करता येते, पण भूक लागत नाही. अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या त्या एकट्या ख्रिस्तापाशी भूकही होती आणि सामर्थ्यही. सैतान त्याला म्हणाला, या दगडांची भाकर कर; तेव्हा खरा मोह काय तो त्यालाच पडला असेल.

कापड पुन्हा आत गेलं. मावशीनं हळूच बेकरीकडची खिडकी लावली.

"उपास आहे त्याचा," ती म्हणाली.