माझ्या नावाची उपकारस्तुती

लीलाअक्कांनी डोळे मिटले, हात जोडले आणि सगळ्यांसमोर माझ्यासाठी देवाचे आभार मानले.

"प्रभू, आत्याबाईंची घाण काढायला तू हिला पाठवलंस. आमच्या हातून ते झालं नसतं. हिच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या त्याची सवय. प्रत्येकाला तू त्याच्या कामासाठी घडवतोस, म्हणून तुझी स्तुती."

खोलीतली वीस माणसं आमेन म्हणाली. मीही म्हणाले. सवयीनं. शब्द तोंडातून गेला आणि मग अर्थ डोक्यात शिरला. कान तापले.

एकोणीसशे साठ-एकसष्टची गोष्ट. मी बेळगावकडची. नोकरीला दूर कानडी राजधानीत आलेली; तिथल्या शिवाजीनगरजवळच्या एका इस्पितळात नर्स होते. दर रविवारी दुपारी राजाजीनगरात लीलाअक्कांच्या घरी आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना भरायची. त्यांचे यजमान, आम्हा सगळ्यांचे साहेब, कारखान्यात मोठे इंजिनियर. आमच्या चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे पुढारीही तेच. अक्कांचे आजोबा ब्राह्मण होते, ते ख्रिस्ती झाले. माझा बाप महारवाड्यातून आला. प्रभूपुढं सगळे सारखे, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी ते खरं धरून चालले होते.

अक्कांच्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, अर्धांगवायू झाला तेव्हा मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच गेले. सात महिने. ड्यूटी संपली की बस धरायची. म्हातारीला कुशीवर वळवायचं, पाठीच्या जखमा धुवायच्या, चादरी बदलायच्या. म्हातारी माझा हात धरून झोपायची. मला ती आवडायची. म्हणून केलं. दुसरं काही कारण नव्हतं. आणि ती गेल्यावर अक्कांनी त्या सगळ्याला माझी जात चिकटवली.

प्रार्थना पुढं चालू राहिली. एकेकानं कुणा ना कुणासाठी आभार मानायचे, अशी पद्धत. माझी पाळी आली. मी डोळे मिटले नाहीत.

"अक्का, मला देवानं घाण काढायला पाठवलं नव्हतं. मी माझ्या पायांनी आले होते. आभार मानायचे तर माझे माना. माझ्याकडं बघून."

अक्का रडायला लागल्या. दोघीजणी उठून त्यांच्या पाठीवर हात फिरवायला लागल्या. माझ्याकडं कुणी आलं नाही. साहेब शांतपणे म्हणाले, "शिकलीस, पण नम्रता आली नाही तुझ्यात."

त्याच महिन्यात मला पुढच्या शिक्षणाला अर्ज करायचा होता. बाळंतपणाचं काम शिकायचं होतं. त्याला मंडळीच्या वडिलांचा वर्तणुकीचा दाखला लागायचा. साहेबांनी निरोप धाडला: येत्या रविवारी सगळ्यांदेखत क्षमा माग, दाखला लिहून ठेवलाय. मी आईला कळवलं. तिनं दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेतलं. तोंडानं म्हणून टाक की, काय जातंय?

तिनं जन्मभर तेच केलं होतं. ती वाकली म्हणून मी शिकले. पत्र वाचून मी रडले, तिच्यावर चिडले, पुन्हा रडले.

रविवारी मी गेले नाही. दाखला आला नाही. इस्पितळात माझ्या मागून आलेल्या दोघी शिकायला गेल्या. मी वॉर्डातच राहिले.

देव मी सोडला नाही. तो काही लीलाअक्कांच्या घरचा नाही. पण माणसाला वगळून मी देवाचे आभार मानत नाही. आधी त्या माणसाच्या तोंडावर सांगते. आणि माझे कष्ट कुणी माझ्या जातीचा गुण म्हणून देवापुढं मांडले, तर ती प्रार्थना मी मध्येच थांबवते. चर्चच्या पाळकाची असली तरी.