चार चाळीसचं ऊन

जानेवारीतला शनिवार, सकाळचे आठ. मी त्र्याऐंशी किलो, कॅमेऱ्याची पिशवी चार, कॅप्टनकाका चौसष्ट. एकूण एकशे एक्कावन्न. हजर आम्ही दोघे आणि धावपट्टीचा चौकीदार. कॅप्टनकाका माणसाला आधी वजनकाट्यावर उभं करत, मग नमस्कार करत. दोनच माणसांच्या त्या विमानात वजन वाढलं की पेट्रोल कमी घ्यावं लागे, आणि पेट्रोल कमी म्हणजे आकाशातला वेळ कमी.

त्या दिवशी त्यांनी माझा डबाही तोलला.

"आठशे ग्रॅम. काय आहे?"

"थालीपीठं. खाऊन टाकू का?"

"पोटात गेली तरी वजन तेच, साहेब. अर्धी मला द्या. भार दोन्ही बाजूंना सारखा बसेल."

निवृत्तीनंतर काका स्वखर्चाने उडत. पाणथळीवरचे पक्षी मोजणारे, यमुनेत कचरा कोण टाकतो ते शोधणारे, कोणालाही फुकट वर नेत. म्हणत, "खाली सगळं झाकता येतं. वरून झाकायला एवढी मोठी चादर कोणाकडे आहे?"

त्यांचं घड्याळ वैमानिकांच्या जागतिक वेळेवर असे, आपल्या साडेपाच तास मागे. आर. के. पुरमला आमच्याकडे गणपतीला "साडेबाराला येतो" म्हणाले आणि आले संध्याकाळी सहाला. माझी बायको म्हणाली, "काका, ताट दुपारपासून वाढून ठेवलंय!" ते घड्याळ दाखवून म्हणाले, "बिल्कुल वेळेवर आलोय, सूनबाई." आम्ही वर्षभर हसत होतो.

शनिवारचं उड्डाण अरवलीतल्या एका टेकडीसाठी होतं. खाणवाल्याने हद्दीचे खांब ओलांडून ती पोखरायला घेतली होती, आणि पायी कोणाला जवळ जाऊ देत नव्हता. खटला गावच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंनी केला होता. मला म्हणाल्या होत्या, "पहाड़ गया तो कुआँ भी गया, भाईसाहब." उड्डाणाच्या आणि फोटोंच्या परवानग्या मिळवायला मला चार महिने लागले. काकांनी टेकडीभोवती सात फेऱ्या मारल्या. मी त्यांच्या कॅमेऱ्याने फोटो काढले आणि प्रत्येकाची वेळ वहीत टिपली. खांब, खड्डा, डंपर, सगळं स्वच्छ आलं. उतरल्यावर काका प्रथमच म्हणाले, "आता वाचेल."

सुनावणीत समोरच्या वकिलाने एक फोटो उचलला. "प्रतिज्ञापत्रात वेळ सकाळी दहा दहा. कॅमेऱ्यात चार चाळीस. जानेवारीत पहाटे चार चाळीसला एवढं ऊन?" लोक हसले. कॅमेराही काकांच्या घड्याळावरच चालत होता. नोकरीची तीस वर्षं मी लोकांच्या तारखा तपासल्या, आणि हे एक तपासलं नाही. मी लेखी खुलासा दिला. आदेश झाला: खुलासा विचारात घेऊ, तोवर ताजे फोटो आणा.

ताजे फोटो म्हणजे पुन्हा चार महिने. टेकडीवर रोज सुरुंग उडत होते. त्यातच काकांच्या वैद्यकीय तपासणीत हृदयाचा दोष निघाला आणि त्यांचं उडणं बंद झालं. दुसरा वैमानिक मिळेना. मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, "चूक दोघांची. थालीपीठासारखी अर्धी अर्धी."

पावसाळ्याच्या तोंडाशी ते हिंदूराव इस्पितळात दाखल झाले. मी गेलो तेव्हा पहिला प्रश्न, "टेकडी किती उरलीय?"

मला आकडा फुगवता आला असता. "तिसरा हिस्सा," मी म्हणालो.

ते म्हणाले, "सकाळी सिस्टरने वजन केलं. बावन्न. बारा किलो कमी, म्हणजे सोळा लिटर पेट्रोल जास्त बसेल. वर पाऊण तास जास्त मिळतो, साहेब. अर्ज टाका."

घरी येऊन मी अर्ज भरायला बसलो. दहाव्या दिवशी काका गेले. अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे. जागा, उंची, कारण, माझं वजन, सगळे रकाने भरलेत. वैमानिकाचं नाव तेवढं कोरं आहे.