पळसावरचा शिंजीर आणि माझा कापरा हात

बडनेऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग होती आणि डोक्यात मुलाचं एकच वाक्य घोळत होतं, "आई, तू आता अल्बमचं बघ."

कराडात आमचा फोटो स्टुडिओ आहे, हे तुम्हा घरच्या मंडळींना सांगायला नको. तुमच्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर अक्षता पडताना मीच टिपल्यात. पण गेल्या मोसमात माझा उजवा हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, "जिवाला काही धोका नाही, पण कंप राहणार." त्यांचं काय जातंय म्हणायला. एका लग्नात अक्षतांचे सगळे फोटो हलले आणि आमच्या अभिजितनं माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला. गोड बोलून काढला, म्हणून जास्तच झोंबलं. मी म्हटलं, "क्षणभर एका जागी न टिकणाऱ्या पक्ष्याचा एक स्वच्छ फोटो ट्रायपॉडशिवाय, हातानं काढून आणते. आणला तर वैशाखात मांडवात मी उभी राहणार. नाही जमलं तर कॅमेरा तुझा, मी मुकाट्यानं अल्बमची पानं जुळवत बसते." तो हसला. मला तेही झोंबलं.

पक्षी कुठला, तर शिंजीर. पुण्याचा केदार नावाचा एक मुलगा फोटोग्राफर लोकांना घेऊन परदेशातल्या उष्ण जंगलांत हमिंगबर्ड टिपायला जातो. ते आपल्या आवाक्याबाहेरचं. पण त्या सहलीआधी रंगीत तालीम म्हणून तो फाल्गुनात एक गट यवतमाळ जिल्ह्यात नेतो. हमिंगबर्डसारखीच लांब वाकडी चोच, मुठीत मावेल एवढा जीव, फुलातला मध पिणारा, क्षणभर हवेत थबकणारा आपला शिंजीर. त्या तालमीत मी नाव घातलं.

बडनेऱ्याहून नेरमार्गे दारव्ह्याकडे निघालो. जीप गजूभाऊंची. एरवी ते दारव्हा स्टँडवरून सवाऱ्या भरतात, या दिवसांत केदारच्या गटाला फिरवतात. नेर सोडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस सुरू झाला. आपल्याकडं एखादं झाड दिसतं आणि आपण कौतुक करतो. इथं बांधावर पळस, नाल्यात पळस, माळावर पळस. पान एक नाही, नुसता केशरी फुलोरा. कापूस वेचून झालेल्या करड्या रानात तो रंग बघून मी चक्क गप्प बसले. तुमचा यावर विश्वास बसणार नाही.

"हे तर काहीच नाही," मागच्या सीटवरून पाटणकर म्हणाले. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, गुडघ्यावर तोफेएवढी लेन्स. हमिंगबर्ड काढून आलेले आमच्यातले ते एकटेच, आणि ते विसरू देणाऱ्यांतले नव्हते. "तिकडे साखरपाण्याच्या बाटल्या टांगलेल्या असतात. पक्षी रांगेत येतात. तुम्ही फक्त खुर्चीत बसायचं."

"मंग तुमी तिकडंच काहून (का) नाही राह्यले, साहेब?" गजूभाऊ रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. माझं त्यांच्याशी तिथंच जमलं.

पहिली सकाळ पार वाया गेली. माळावरच्या उंच पळसांखाली आम्ही माना मोडून उभे. शिंजीर होते, चिक्कार होते, पण शेंड्याला. नर उन्हाविरुद्ध बघावा तर कोळशाचा तुकडा, मान वळवून उन्हात आला की निळा-जांभळा चमकतो, आणि ते बघेपर्यंत पुढच्या फांदीवर. बाकीच्यांनी ट्रायपॉड लावला तर तो फिरवेपर्यंत गडी पसार. मी हातात कॅमेरा धरला तर फोकसचा ठिपका पक्ष्यावरून फुलावर, फुलावरून आभाळात. केदार शेजारी येऊन हळूच म्हणाला, "काकू, घाई नको." पोरगा भला आहे, पण मला त्यात अभिजितच ऐकू आला. दुपारी जीपमध्ये बसून मी सगळे फोटो पाहिले आणि सगळे पुसले. रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. पाटणकरांसमोर रडायचं नाही म्हणून पाणी प्यायले.

जेवण दारव्ह्यात. बाजाराचा दिवस होता, म्हणून आधी जरा फिरलो. ऊन असं की डोक्यावर हात ठेवला तर चटका बसावा. गजूभाऊ म्हणाले, "मावशी, दुपट्टा घ्या एखादा. उघड्या डोक्यानं फिरून राह्यल्या, ऊन लागन (लागेल)." इथं बाई असो की बुवा, उन्हात दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. दुकानदारानं माझ्यापुढं फुलाफुलांचे तलम दुपट्टे टाकले. मी एक जाड, मातकट सुती उचलला.

"हा तं गड्यायचा हाये, बाई," तो म्हणाला.

"मग काय झालं? ऊन गडी-बाई बघून लागतं का?"

त्यानं हसून तोच घडी करून दिला. खानावळीत ज्वारीची भाकर आणि पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत भाजी) खाल्ला. पाटणकरांच्या कपाळावरून घाम गळत होता तरी त्यांनी परत रस्सा मागितला. माणूस अगदीच वाया गेलेला नाही, असं माझं मत झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोरी अरबच्या बाजूला गजूभाऊंच्या शेतावर गेलो. शेतात दोन खोल्यांचं घर, दारात बाभळीखाली जीप लावायची जागा, बांधावर कमरेपासून फुललेले बुटके पळस. जीप थांबवल्याबरोबर गजूभाऊंनी खिशातून पायमोजे काढले आणि दोन्ही बाजूंच्या आरशांवर चढवले. मी विचारलं, "थंडी वाजते का आरशांना?"

"शिंजिराच्या पायी, मावशी. या दिवसांत थो आरशात सोताले पायते (स्वतःला पाहतो) अन् दुसरा नर समजते. दिवसभर टोचून राह्यते. आरसा घाण करते अन् सोता खाणंपिणं इसरते. आमच्या रस्त्यावर सगळ्या जिपाले फागणात मोजे राह्यते."

बाभळीच्या लोंबत्या फांदीला जाळ्याजळमटांची एक पिशवी टांगलेली होती. मला वाटलं कचरा अडकलाय. ते शिंजिराचं घरटं होतं आणि पिवळसर मादी आत कापूस भरत होती. म्हणजे नर जवळच असणार, आणि आज तरी शेंड्याला नसणार.

गजूभाऊंची बायको मंदाताई अंगणात पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळक्या काड्यांची) मोळी बांधत होती. मी तिचा फोटो काढायला कॅमेरा उचलला.

"काहून जी ताई, पक्षी सरले का?"

"सरले नाहीत, सापडत नाहीत. हात कापतो माझा."

"माहे बी कापते मोळी बांधताना. पण दोरी सोडत नाही मी." तिनं दोरीचं एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं वर ओढलं आणि गाठ मारून टाकली. मी त्या दोरीकडं बघत राहिले. दंड तिचे थरथरत होते, पण पायापासून हातापर्यंत ताणलेली दोरी जागची हलत नव्हती. माझ्या डोक्यात काहीतरी टक्कन वाजलं. अगं बाई, हे आपल्याला कसं सुचलं नाही?

डोक्याचा दुपट्टा सोडला, पीळ दिला, एक टोक लेन्सच्या पायाला, म्हणजे ट्रायपॉड बसवायच्या खालच्या पट्टीला, बांधलं, दुसरं माझ्या चपलेखाली. आणि कॅमेरा वर ओढला. दुपट्टा ताठ झाला तसा डोळ्यासमोरचा थरथराट बसला. पूर्ण नाही, पण समोरच्या पळसाच्या एका फुलावर ठिपका ठेवला तर तो तिथंच राहिला. मंदाताई म्हणाली, "बाप्पा, कॅमेऱ्याची मोळी बांधली का?"

तेवढ्यात जिपेकडून कॅमेऱ्यांची टकटक ऐकू आली. गजूभाऊ विहिरीवर गेले होते आणि पाटणकरांनी एका आरशाचा मोजा काढला होता. शिंजीर आलाही होता. आरशाच्या कडेला बसून तो काचेवर चोच मारत होता, पुन्हा हवेत उडून पुन्हा मारत होता, आणि आमचा सगळा गट हाताच्या अंतरावरून त्याला टिपत होता. त्यानं पंख जरा उचलले की काखेतले पिवळे-केशरी झुपके फुलून येत. मादीला किंवा वैऱ्याला दाखवायचा तो त्याचा खास दागिना. सगळे त्याचसाठी आले होते.

"या, या, सुनंदाताई," पाटणकर म्हणाले. "अगदी तिकडच्यासारखं. खुर्ची घ्या."

खरं सांगते, मी पाऊल उचललं होतं. इतक्या जवळून माझ्या कापऱ्या हातानंही फोटो आला असता, पैज जिंकली असती. पण त्या पक्ष्याची चोच उघडी होती आणि तो धापा टाकत होता. बाभळीवर मादी एकटीच खपत होती. मला आला राग. मी गेले, आरशावर मोजा चढवला आणि म्हटलं, "इतकी वर्षं लग्नं काढली. फोटो चांगला यावा म्हणून नवरदेवाला भांडायला लावलं नाही मी कधी."

मग पाटणकर म्हणाले, "एवढा खर्च करून आलोय आम्ही, ताई."

"मीपण आलेय. आणि तुमच्यापेक्षा जास्त गरज आहे मला."

केदार मध्ये पडला. "मोजा राहू दे, काका. चूक माझी, मी आधीच सांगायला हवं होतं." पाटणकर तोफ खांद्यावर घेऊन बाभळीच्या सावलीत जाऊन बसले. मी बांधाकडं निघाले. मनात म्हटलं, झालं, तोंड चालवलंस, आता हात चालव.

वैरी एकाएकी गायब झालेला बघून शिंजीर गोंधळला असावा. जिपेवर इकडं तिकडं बघून तो उडाला तो थेट बांधावरच्या बुटक्या पळसावर, माझ्या छातीच्या उंचीला. ऊन माझ्या पाठीशी. मागं नांगरून पडलेलं मोकळं रान. मी चपलेखाली दुपट्टा दाबला आणि ओढला.

त्यानं फुलात तोंड खुपसलं, बाहेर काढलं. दुसरं फूल. तिसरं. मी दाबलं नाही. लग्नात अक्षता उडाल्यावर बटण दाबणाऱ्याला फक्त पडलेले तांदूळ मिळतात. भटजी "सावधान"चा सूर ओढायला लागले की लोकांचे खांदे सैल होतात. हात वर जायच्या आधी खांदे सांगतात. मी त्याच्या खांद्यांकडं बघत होते. त्यानं मान खाली केली, अंग जरा सैल सोडलं, आणि मी दाबलं.

तो गात होता. पंख अर्धे उघडे, काखेत दोन्हीकडं केशरी झुपके, गळा निळा-जांभळा पेटलेला. मी दाबत राहिले. तो उडून बाभळीकडं, मादीजवळ गेला तेव्हा कुठं मी श्वास सोडला.

स्क्रीनवर बघायचा धीर होईना. शेवटी मंदाताईच म्हणाली, "दाखवा न ताई, काय आलं थे." मी फोटो मोठा केला. डोळा आला. डोळ्यात आभाळ आलं. पिसांचा दोरा न् दोरा आला. आणि चोचीच्या वर, कपाळावर, पळसाचा पिवळाधमक पराग लागलेला.

"माय, ह्याले तं हळद लागली," मंदाताई म्हणाली.

मी तिथंच बांधावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडले, आणि या वेळी कोण बघतंय याची फिकीर केली नाही. हात तेव्हाही कापत होता मेला.

पाटणकर आले. फोटो बराच वेळ पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला. "असा माझ्याकडे एकही नाही," ते म्हणाले. "रांगेत येणाऱ्यांत असा एकही नाही." मग खाकरून म्हणाले, "तो दुपट्टा कुठल्या दुकानातला?" संध्याकाळी दारव्ह्याच्या त्या दुकानदाराची चंगळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीच्या बांधावर आमचा अख्खा गट एकेका दुपट्ट्यावर पाय देऊन उभा, आणि पलीकडच्या वावरातले लोक काम सोडून आमच्याकडं बघत होते. मोजे आरशावरच होते. पाटणकरांनाही त्यांचा शिंजीर मिळाला. झुपके नाहीत, पण मान वळवलेला, उन्हातला. मला दाखवताना त्यांचा चेहरा दहावी पास झालेल्या पोरासारखा होता.

निघताना मंदाताईनं घरच्या तुरीची डाळ बांधून दिली आणि म्हणाली, "नवरदेवाचा फोटो धाडजा (पाठवा) मले." कराडात आल्यावर पहिलं काम ते केलं. तिचा फोन आला, "टांगला जी घरात. हे रोज त्याच्याकडे पायते अन् जिपेले मोजे घालते."

अभिजितनं फोटो मोठा करत करत पक्ष्याच्या डोळ्यापर्यंत नेला आणि तिथं थांबला. ट्रायपॉड होता का, विचारलं. मी दुपट्टा दाखवला. त्यानं तो ओढून बघितला आणि वैशाखातल्या पहिल्या लग्नापुढं माझं नाव घातलं. त्या लग्नाला तो स्वतःचा कॅमेराही गळ्यात घालून आला, न जाणो. मला समजलं.

दारव्ह्याला जाऊन मी हात बरा करून आले नाही. हात होता तसाच आहे, त्याला कसं घेऊन चालायचं तेवढं शिकून आले. मांडवात गर्दी होती. कुणीतरी विचारलं, "काकू, कापडावर का उभ्या?" उत्तर द्यायला वेळ नव्हता. भटजींनी सूर ओढला. मी पाय रोवला, दुपट्टा ताणला, लोकांच्या खांद्यांकडं पाहिलं आणि दाबलं.

अभिजितनं माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीन पाहिली. नवरीच्या पापणीपर्यंत आलेला, अजून न टेकलेला तांदळाचा दाणासुद्धा स्वच्छ दिसत होता. त्यानं आपला कॅमेरा गळ्यातून काढला, बॅगेत ठेवला आणि म्हणाला, "आई, मी अल्बमचं बघतो."