घोळवे सर आणि चौदा नंबरचं मशीन

घोळवे सरांच्या सर्व्हर रूमचं दार वाजवलं की आतून दोनच प्रश्न यायचे. "कोन? आन कुटून?" चहावाला असो की प्राचार्य, नाव आणि ठिकाण सांगितल्याशिवाय कडी निघत नसे. एकदा त्यांच्या बायकोचा पाटोद्याहून फोन आला, तेव्हाही त्यांनी अगोदर "कुटून बोलतीस?" हेच विचारलं. आम्ही हसलो, पण तोंडावर हात ठेवून.

बीड जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली लॅब सांभाळायचो. पोरांचं सगळं काम एका युनिक्स सर्व्हरवर असे. त्यावर कोणी यायचं आणि कुठल्या मशीनवरून यायचं, हे ठरवणाऱ्या दोन फायली सरांच्या हातात होत्या. एक परवानगीची, एक मनाईची. मनाईच्या फायलीत एकच ओळ: सगळ्यांना, सगळीकडून, बंद. "आदी समद्यायला न्हाई म्हनायचं बे," ते मला शिकवायचे. "मंग ज्याचं काम हाय, त्याला एकट्याला हो. उलटं केलं की घर लुटलंच म्हनून समज." इतकं स्वच्छ काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हेही खरं.

शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक पोराला ते एक मशीन नेमून देत. त्या पोरानं त्याच मशीनवरून आत जायचं; शेजारच्या मशीनवर बसलं तरी सर्व्हर ओळख दाखवत नसे. मशीनवर नावाची चिठ्ठी डकवलेली असे आणि तिथून काही आगळीक झाली की चिठ्ठीवरचं नाव दोषी. चौकशी नाही, सुनावणी नाही. "मशीन काय सोताच्या मनानं खोडी करतं का?" हा त्यांचा न्याय.

चौदा नंबरवर कावेरीची चिठ्ठी होती. पोरगी युसूफ वडगावची, घरी मेंढरं. बापानं बजावलं होतं, औंदा पास झाली तर नोकरी, नाहीतर लग्न. प्रोजेक्ट जमा करायला दोन दिवस उरले असताना सर्व्हरवरची तिची जागा भरली आणि फाइल सेव्ह होईना. सर कामाला बाहेर गेलेले. तिनं मला गळ घातली; बघतो म्हणून मी तिला जेवायला पाठवलं. जेवणाच्या सुट्टीत लॅबला आतून कुलूप लावून मी तिच्या मशीनवर बसलो आणि तिची जागा वाढवण्यासाठी सर्व्हरचा मुख्य पासवर्ड टाकला. तो सरांखेरीज कोणी वापरायचा नाही, असा दंडक होता. त्यांची बोटं बघून मी तो पाठ केलाय, असं मला वाटत होतं. तीनदा चुकला. मी गुपचूप उठलो आणि तिलाही काही कळू दिलं नाही.

संध्याकाळी सरांनी नोंदी पाहिल्या आणि परवानगीच्या फायलीतून चौदा नंबर आणि कावेरी, दोन्ही खोडलं. तिचं वर्षभराचं काम आत अडकलं. दुसरी प्रत नव्हती, कारण पेनड्राइव्ह लॅबमध्ये आणायला सरांचीच बंदी होती.

दोन दिवस ती त्या दारात उभी होती.

"सर, मी तवा मेसमदी व्हते. पोरींना इचारा."

"चिठ्ठी कुनाची हाय?"

"माजी."

"मंग?"

"निस्ती फाइल काडून द्या, सर. हात जोडते."

सर चष्मा पुसत म्हणाले, "आज तुला हो म्हनलं, तर उद्या समदं गाव दारात यील." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला सांग बे, उभं ऱ्हाऊन दार उघडत न्हाई." माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. तो निरोप मी तिला नीट सांगितला.

तिचं वर्ष गेलं. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. पुढे एकदा मांजरसुंब्याला एसटी थांबली, तर कडेवर मूल घेतलेली एक बाई लगबगीनं जवळ आली. "सर, वळखलं का? मी कावेरी. तितं तुमीच एकले मानूस व्हतात. माज्यासाटी सरांपाशी लई खटपट केली तुमी." मी मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला आणि गाडीत जाऊन बसलो. लाजेनं मेल्यासारखं झालं. आजही होतं.

सर निवृत्त झाले त्या दिवशी शाल-नारळ आटोपल्यावर त्यांनी मला सर्व्हर रूममध्ये बोलावलं. मला राहवलं नाही. म्हणालो, "सर, चौदा नंबरवरून तो पासवर्ड मी टाकला होता."

"ठावं हाय. सुट्टीत लॅबला कुलूप, चावी तुज्यापाशी. मला त्याच दिशी कळलं."

"मग तिला का शिक्षा?"

"कावून म्हंजी?" त्यांना खरंच नवल वाटलं. "पोरी काय, दरसाली येतेत. तुज्यावानी हाताखालचा मानूस मी कुटून आनला असता?"

एवढं बोलून त्यांनी खोलीच्या चाव्या माझ्यापुढे धरल्या. मी त्या घेतल्या आणि वाकून त्यांच्या पाया पडलो.