पित्तप्रकृतीची मोटार

जगात निरोगी म्हणून काही नसतेच, अशी ठाम समजूत असलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा निघाला. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. सांगलीत त्यांची वैद्यकी उत्तम चाले, पण दारी आलेल्या माणसांवर त्यांचे भागत नसे. भिंतीवरचे घड्याळ मागे पडले की त्याला वात झाला. दार कुरकुरले की त्याचे सांधे धरले, चोळा एरंडेल. "मला बघायला आले तेव्हा नाव विचारायच्या आधी जीभ दाखव म्हणाले," असे आत्या आम्हाला सांगे. त्यावर आतोबा शांतपणे म्हणत, "जीभ स्वच्छ होती. पुढे ती किती चालेल, ते मात्र तेव्हा कळलं नाही."

लढाईच्या दिवसांत त्यांनी पाचगणीच्या एका साहेबाकडून जुनी मोटार घेतली. साहेब कायमचा विलायतेला निघाला होता. किल्ली हातात घेण्यापूर्वी आतोबांनी बॉनेटवर तीन बोटे टेकवून नाडी पाहिली. इंजिन चालू असल्यामुळे नाडी लागलीही. पहिल्याच उन्हाळ्यात पसरणीच्या घाटात पाणी उकळून गाडीच्या नाकातोंडातून वाफ आली, आणि निदान झाले : पित्तप्रकृती. तेव्हापासून गाडी उन्हात उभी करायची नाही, रेडिएटरमध्ये वाळ्याचे गार पाणी घालायचे, आणि पेट्रोल जात्याच उष्ण, म्हणून टाकीच्या टोपणावर रोज सकाळी चंदनाचा चांगला जाड लेप द्यायचा, असा पथ्योपचार सुरू झाला. त्याच सुमारास गाडीनेही चार-पाच मैल चालून बंद पडायचे व्रत घेतले. या दोन गोष्टी एकाच आठवड्यात सुरू झाल्या, हे आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या ध्यानात आले नाही.

'बंद पडली' हा शब्द मात्र त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. 'विसावली' म्हणावे लागे. गाडी विसावली की सगळ्यांनी उतरायचे, बॉनेटवर ओला पंचा टाकायचा आणि अर्धा तास गप्प बसायचे, कारण रोग्याजवळ गलका चालत नाही. मग आतोबा टोपण काढून, डोळे मिटून पेट्रोलचा वास घेत, टोपण परत बसवत, आणि आत्याच्या मांडीवरच्या वाटीतून ताजा लेप लावत. हँडल मारले की गाडी सुरू! "बघितलंस? गुण आला!" ते मला म्हणत. पाच मैलांवर गुण संपे. गावातल्या मिस्त्रीने दोनदा सगळे इंजिन खोलले, प्लग घासले, नळ्या फुंकल्या. त्याच्या अंगणात टोपण काढून ठेवलेली गाडी उभ्या उभ्या तासभर ठणठणीत चाले. शेवटी त्याने हात जोडले.

माझी धाकटी बहीण सुमा हिचे लग्न साताऱ्याला ठरले, तेव्हा ही गंमत अंगाशी आली. नवरदेव फौजेत होता. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी त्याला पलटणीत हजर व्हायचे होते, आणि तिथून तो कुठल्या मुलखात जाईल हे त्यालाही ठाऊक नव्हते. म्हणजे ही गोरज चुकली तर लग्न कधी, आणि होणार की नाही, हे देवालाच माहीत. घरची मंडळी आगगाडीने पुढे गेली. सुमाला दोन दिवस ताप होता, म्हणून आतोबांनी तिला त्या गर्दीत बसू दिले नाही. "माझी रोगी माझ्या गाडीतून येईल," ते म्हणाले. कुपने साठवून पेट्रोल जमवले होतेच. दिवस उगवायला आम्ही निघालो, आतोबा, आत्या, सुमा आणि मी. आष्ट्यापर्यंतच गाडी तीनदा विसावली. दोन वाजले तेव्हा आम्ही अजून कासेगावच्या अलीकडे, एका बाभळीखाली होतो. सुमा हळदीचे हात पदरात लपवून रस्त्याकडे बघत होती. ती रडत नव्हती, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटत होती.

शेजारच्या उसातून एक तगडा गडी बाहेर आला. अंगात खाकी सदरा होता. फौजेत ट्रक चालवतो आणि रजेवर आलोय, म्हणाला. तो गाडीभोवती एक चक्कर मारून मागे थांबला.

"आवं काका, ह्या टोपणाला काय फासलंय?"

"चंदनाचा लेप. उष्णता ओढून घेतो."

"उष्णता न्हाई, गाडीचा जीव वडून घेतोय! घरात रॉकेलच्या डब्याला भोकं किती पाडतासा?"

"दोन," आत्या मधेच म्हणाली. "एक ओतायला, एक हवेला."

"मावशी, तुमाला कळलं बगा. ह्या टोपणालाबी हवेचं बारकं भोक आसतंय. त्येच तुमी बुजवलंय. पेट्रोल उतरायचं कसं? तुमी वास घ्यायला टोपण काडतासा, तवा हवा जाती आत, म्हनून पाच मैल पळती."

त्याने बाभळीचा काटा मोडून भोक मोकळे केले. आतोबांनी स्वतःच्या उपरण्याने टोपण लख्ख पुसले आणि चंदनाची वाटी उसाच्या पाटात रिकामी केली. मग गाडी सुटली ती सुटलीच! पाच मैल झाले, दहा झाले, कऱ्हाड मागे गेले, तरी आम्ही श्वास रोखूनच बसलो होतो. उंब्रज ओलांडल्यावर आत्या आधी हसू लागली, मग सुमा, आणि मग आम्हाला कोणालाच आवरेना. आतोबा तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे इतके दिवस रोग मीच होतो."

"असाल. पण आता पुढं बघा," आत्या म्हणाली.

गोरजेला दीड तास असताना आम्ही मांडवात पोचलो. धुळीने माखलेली नवरी पाहून आई पायरीवरच मटकन बसली आणि हसता हसता रडली.

त्या दिवसानंतर आतोबांची एक रीत बदलली. जुने दुखणे घेऊन कोणी आले, की ते आधी विचारत, "मी काय काय दिलंय तुला? चार दिवस सगळं बंद कर, मग बघू." कितीतरी माणसे म्हणे तेवढ्यानेच बरी झाली.

पुढे काही वर्षांनी ते स्वतः अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो, तर वारा लागू नये म्हणून घरच्या मंडळींनी खोलीच्या खिडक्या घट्ट लावून घेतलेल्या, अंगावर दोन घोंगड्या, छातीला कसलासा लेप. आतोबांनी मला खुणेने जवळ बोलावले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अरे, जरा टोपण काढ."

मी उठून खिडकी उघडली. त्यांनी डोळे मिटून वारा आत घेतला. पायाशी बसलेल्या आत्याने ओला पंचा उचलला आणि छातीवरचा तो लेप पुसून टाकला.